फोकस गेला, पण कुठे?

पासवर्ड टाइप करताय. नजर कीबोर्डवर आहे, बोटं चालू आहेत. मान वर करून बघता तर भलतीच विंडो पुढे आलेली, आणि पासवर्डाची शेवटची पाच-सहा अक्षरं कुणाशी तरी चाललेल्या चॅटच्या चौकटीत उघडी पडलेली. सवयीने एंटरही दाबून झाला असेल तर विचारूच नका. हा घोळ ज्या गोष्टीपायी होतो तिला प्रोग्रामर मंडळी कीबोर्ड फोकस म्हणतात. वापरणाऱ्याला तो असा कधीमधी चटका देतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याला मात्र रोज भेटतो.

माउसला जागा असते. क्लिक झालं की स्क्रीनवरच्या कुठल्या बिंदूवर झालं ते कळतं, आणि त्या बिंदूवर जे विजेट असेल त्याला ते क्लिक मिळतं. विजेट म्हणजे बटण, लिहायचा रकाना, चेकबॉक्स, यादी असा हाताळता येणारा कुठलाही तुकडा. कीबोर्डला अशी जागाच नाही. अमुक कळ दाबली एवढंच कळतं. कुणासाठी दाबली हे त्या कळीवर लिहिलेलं नसतं. म्हणून संगणकाला एक नोंद ठेवावी लागते: सध्या ज्या कळा दाबल्या जातील त्या अमक्याला द्यायच्या. ती नोंद म्हणजे फोकस. ती एका वेळी एकाच्याच नावावर असते.

खरं तर ही नोंद दोन मजली आहे. कुठली विंडो पुढे आहे हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. त्या विंडोच्या आत कुठल्या विजेटला कळा द्यायच्या हे ती विंडो ज्या साधनांनी बनवली आहे ती साधनं सांभाळतात. दुसऱ्या प्रोग्रामकडे जाऊन परत आलात की कर्सर पूर्वीच्याच रकान्यात लुकलुकत असतो, कारण विंडोने आपला आतला फोकस लक्षात ठेवलेला असतो. हे दोन मजले डोक्यात वेगळे ठेवा. फोकसच्या बहुतेक भानगडी दोन्हींची गल्लत झाल्याने होतात.

फोकस बदलला हे प्रोग्रामला कशासाठी कळायला हवं? रकाना सोडताक्षणी त्यातला मजकूर तपासायचा असतो, रकान्यात शिरताना खाली सूचना दाखवायची असते, मोबाइलवर कीबोर्ड वर आणायचा असतो, स्क्रीनरीडरला, म्हणजे न दिसणाऱ्याला स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, आता माणूस कुठे आहे ते बोलून दाखवायचं असतं.

पहिली सुचणारी युक्ती म्हणजे सारखं विचारत राहायचं. दर सेकंदाला दहा वेळा टायमर लावून 'आत्ता फोकस कुणाकडे?' असं विचारायचं आणि उत्तर बदललं की फोकस बदलला असं मानायचं. हे चालतं, पण भोळं आहे. कुणी टॅबची कळ पटापट दाबत चार रकाने ओलांडले तर मधले दोन-तीन तुम्हाला दिसणारच नाहीत. फोकस का हलला हेही कळणार नाही, आणि काही घडत नसतानाही प्रोग्राम विचारतच बसेल. ज्या विंडोचा कोड आपल्या हातात नाही तिच्यासाठीसुद्धा ऑपरेटिंग सिस्टीमकडून अशी बातमी मागवता येते. त्यामुळे ही युक्ती अगदीच नाइलाज असेल तेव्हा.

खरा मार्ग इव्हेंटचा. फोकस हलला की सिस्टीम स्वतः दोन निरोप पाठवते: ज्याच्याकडून गेला त्याला 'गेला' आणि ज्याच्याकडे आला त्याला 'आला'. नावं प्रत्येकाची वेगळी. विंडोजच्या पोटात त्यांना डब्ल्यूएम-किलफोकस आणि डब्ल्यूएम-सेटफोकस म्हणतात. लिनक्सवरच्या एक्स-११ मध्ये आणि पायथॉनसोबत येणाऱ्या टीके या साधनात फोकसआउट आणि फोकसइन. जावात फोकसलॉस्ट आणि फोकसगेन्ड. वेबपानावर ब्लर आणि फोकस. जीटीके या विंडो बनवायच्या साधनाच्या चौथ्या आवृत्तीत तर हे निरोप विजेटकडून काढून त्यासाठी वेगळा फोकस कंट्रोलर दिला आहे आणि त्याच्या सिग्नलांना लीव्ह आणि एंटर अशी नावं आहेत. नावं पाठ करायची गरज नाही. शोधताना नेमका कुठला शब्द टाकायचा हे माहीत असलं की पुरे.

आता प्रकरण जवळून बघू. एका छोट्या फॉर्ममध्ये दोन रकाने आहेत: नाव आणि ईमेल. क्यूटी नावाच्या साधनात तो बनवला आहे आणि प्रत्येक निरोप लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, छापायचा असं ठरवलं आहे. नाव टाइप करून मी टॅब दाबतो. लॉगमध्ये दोन ओळी येतात:

नाव: फोकस गेला, कारण टॅब
ईमेल: फोकस आला, कारण टॅब

अर्धा ईमेल लिहितो आणि पुढचा भाग आठवत नाही म्हणून दुसऱ्या प्रोग्राममध्ये डोकावून परत येतो:

ईमेल: फोकस गेला, कारण विंडो बदलली
ईमेल: फोकस आला, कारण विंडो बदलली

मग तिथून कॉपी केलेला मजकूर चिकटवायला रकान्यावर उजवं क्लिक करतो. मेनू उघडतो, 'पेस्ट' निवडल्यावर मिटतो:

ईमेल: फोकस गेला, कारण पॉपअप
ईमेल: फोकस आला, कारण पॉपअप

सहा ओळी, त्यात 'गेला' तीनदा. पण माणसाने रकाना खरोखर सोडला तो एकदाच, पहिल्या ओळीत. बाकी दोन वेळा तो त्याच रकान्यात काम करत होता, फक्त कळांची वाट मधल्यामध्ये दुसरीकडे वळली होती. 'फोकस गेला की तपासा आणि चूक असेल तर लाल रंगात ओरडा' असा कोड लिहिला असता, तर बिचाऱ्याचा ईमेल अर्धवट असतानाच दोनदा त्याच्यावर ओरडा झाला असता. फोकस गेला म्हणजे कळांचा पत्ता बदलला, एवढाच त्या निरोपाचा अर्थ. माणसाचं लिहून झालं की नाही याबद्दल तो काहीच सांगत नाही.

साधनं बनवणाऱ्यांना हे ठाऊक आहे, म्हणून निरोपासोबत पुरवणी माहिती असते. वर दिसलं तसं क्यूटी कारण सांगतं: माउस, टॅब, उलटा टॅब, शॉर्टकट, मेनूबार, पॉपअप, विंडो बदलणं. क्यूटीचा साधा लिहायचा रकाना स्वतःही हे कारण वाचतो. मजकूर सिलेक्ट करून दुसऱ्या विंडोत गेलात तर सिलेक्शन टिकतं. टॅबने पुढच्या रकान्यात गेलात तर ते सुटतं. जावात प्रत्येक इव्हेंटला हा बदल तात्पुरता आहे का असं विचारता येतं. विंडो मागे गेली किंवा पॉपअप उघडला तर उत्तर 'हो' येतं. डॉटनेटच्या विंडोज फॉर्म्स या साधनात वेगळीच वाटणी आहे: लॉस्टफोकस हा खालच्या पातळीचा निरोप दुसऱ्या प्रोग्रामकडे गेलात तरी येतो, पण लीव्ह हा त्याच फॉर्ममधल्या दुसऱ्या विजेटकडे गेल्यावरच. तिथे तपासणी करायची असेल तर लॉस्टफोकसच्या वाटेला जाऊच नये.

वेबपानावर कारण सांगणारं कुणी नाही, पण एक खूण आहे. ब्लर आल्यावर डॉक्युमेंटला, म्हणजे पानाला, त्याचा ॲक्टिव्हएलिमेंट विचारायचा, म्हणजे आत फोकस कुणाकडे आहे ते. माणूस दुसऱ्या विंडोत किंवा ब्राउझरच्या दुसऱ्या टॅबमध्ये गेला असेल तर उत्तर अजूनही तोच रकाना येतं, कारण पानाने आपला आतला फोकस जपून ठेवलेला असतो. पानावरच दुसरीकडे गेला असेल तर त्या क्षणी उत्तर सहसा बॉडी, म्हणजे 'कुणीच नाही' असं येतं. जुन्याने सोडलं आहे आणि नव्याने अजून धरलेलं नाही, अशी ती मधली फट. नवखे लोक नेमके इथे फसतात. ब्लरच्या हँडलरमध्ये, म्हणजे तो निरोप आला की चालणाऱ्या कोडमध्ये, 'आता फोकस कुठे आहे' असं विचारतात, बॉडी मिळतं आणि माणूस फॉर्म सोडून गेला असं समजून बसतात. कुठे जाणार आहे हे इव्हेंटसोबतच्या रिलेटेडटार्गेटमध्ये लिहिलेलं असतं, तेच वाचायचं. विंडोजच्या किलफोकस निरोपासोबतही फोकस घेणाऱ्या विंडोचा हँडल, म्हणजे तिचा ओळख क्रमांक, येतो, आणि जावात 'समोरचा घटक' विचारता येतो. अर्थात फोकस दुसऱ्याच प्रोग्राममध्ये गेला असेल तर ही जागा बहुधा रिकामी मिळते. ती रिकामी असू शकते हे गृहीत धरूनच कोड लिहावा, नाहीतर प्रोग्राम तिथेच आपटतो.

आतापर्यंत एकेका विजेटचं झालं. पण बऱ्याचदा गटाचं जाणून घ्यायचं असतं. पत्त्याच्या चौकटीत पाच रकाने आहेत आणि माणूस संपूर्ण चौकटीतून बाहेर पडला की काहीतरी करायचं आहे. आतल्या आत पहिल्यावरून दुसऱ्यावर गेला तर गप्प बसायचं.

वेबवर पहिली ठेच लागते ती ही की फोकस आणि ब्लर हे इव्हेंट वर चढत नाहीत. क्लिकचा इव्हेंट आतल्या बटणावर झाला तरी बाहेरच्या चौकटीपर्यंत पोचतो, ब्लरचा पोचत नाही. चौकटीवर ब्लर लावून 'काहीच होत नाही' म्हणत तास घालवलेले लोक मी पाहिले आहेत. त्यातला एक मीच. वर चढणारी जोडी वेगळी आहे: फोकसइन आणि फोकसआउट. चौकटीवर फोकसआउट लावायचा आणि रिलेटेडटार्गेट चौकटीच्या आतलंच आहे का ते बघायचं. आतलं असेल तर हा घरातल्या घरातला फेरा. बाहेरचं असेल तर खरंच बाहेर पडला. दिसण्यापुरताच बदल करायचा असेल, म्हणजे चौकटीला नुसती कड द्यायची असेल, तर सीएसएस या पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेतला फोकस-विदिन एवढा पुरतो, जावास्क्रिप्टची गरजच नाही.

टीकेमध्ये त्रास उलटा आहे. मुख्य विंडोवर फोकसइन बांधला की तिच्या पोटातल्या प्रत्येक विजेटचेही निरोप तुमच्याकडे येऊ लागतात, कारण प्रत्येक विजेटच्या बांधणीच्या यादीत त्याच्या मुख्य विंडोचं नाव असतं. 'विंडो पुढे आली' हे एकदा छापायला जावं आणि टॅब दाबेल तितक्या वेळा ओळ उमटावी. उपाय एका ओळीचा: इव्हेंट कुठल्या विजेटचा आहे ते बघायचं आणि मुख्य विंडोचा नसेल तर सोडून द्यायचं. डब्ल्यूएक्सविजेट्स या आणखी एका साधनात साधे फोकस इव्हेंट वर जात नाहीत, पण मुलांपैकी, म्हणजे आतल्या विजेटांपैकी, कुणाला फोकस मिळाला हे सांगणारा चाइल्डफोकस वेगळा ठेवला आहे. तिथे आणखी एक पथ्य पाळावं लागतं: आपलं काम झालं की इव्हेंट पुढे जाऊ द्यायचा, म्हणजे स्किप म्हणायचं. नाही म्हटलं तर विजेटचं स्वतःचं कामच अडतं.

प्रत्येक विजेटच्या पाठी लागण्यापेक्षा एकाच ठिकाणी बसून सगळं बघायची सोयही असते, आणि मला तीच जास्त आवडते. क्यूटीत संपूर्ण ॲप्लिकेशनचा फोकसचेंज्ड हा सिग्नल जुनं आणि नवं अशी दोन्ही विजेट हातात देतो. यातलं कुठलंही रिकामं असू शकतं. जावात हे काम कीबोर्डफोकसमॅनेजर करतो, अँड्रॉइडवर जागतिक फोकस बदलाचा लिसनर. 'कुणाकडून कुणाकडे' हे एकाच ओळीत मिळालं की 'गेला' आणि 'आला' यांच्या जोड्या जुळवत बसावं लागत नाही.

आता कबुली. सुरुवातीच्या नोकरीत मी माहिती भरायची एक विंडो लिहिली होती. दोन रकाने, दोन्ही सक्तीचे. रिकामा सोडला की मेसेजबॉक्स दाखवायचा आणि फोकस परत त्याच रकान्यात आणायचा. कागदावर निर्दोष. पहिल्या रकान्यातून रिकाम्या हाताने टॅब दाबला की त्याने 'गेला'च्या हँडलरमध्ये मेसेजबॉक्स उघडला. तोवर दुसऱ्याला फोकस मिळालेला होता, तो मेसेजबॉक्सने हिसकावला. म्हणजे दुसराही 'गेला', आणि तोही रिकामाच! त्याने आपला मेसेजबॉक्स उघडला. ते बंद केले की दोघेही फोकस आपल्याकडे ओढणार, ओढताना समोरच्याचा जाणार, आणि पुन्हा तेच. बाहेर पडायचा एकच रस्ता उरला: प्रोग्राम मारून टाकणे.

यात माझ्या दोन चुका होत्या आणि दोन्ही नेहमीच्याच. पहिली म्हणजे फोकस हलत असतानाच त्याला पुन्हा हलवणं. विंडोजच्या कागदपत्रांतच स्पष्ट लिहिलं आहे की किलफोकस हाताळताना दुसरी विंडो दाखवायची किंवा पुढे आणायची नाही, प्रोग्राम अडकून पडू शकतो. करायचंच असेल तर सध्याची धावपळ संपू द्यावी आणि लगेच नंतरच्या फेरीत करावं. त्यासाठी जावात इन्व्होकलेटर आहे, टीकेत आफ्टर-आयडल, क्यूटीत शून्याचा सिंगलशॉट टायमर, वेबवर शून्याचा सेटटाइमआउट. मात्र त्या एका फेरीत विजेट नाहीसं झालेलं असू शकतं, म्हणून हात लावण्यापूर्वी ते आहे का ते बघायचं. दुसरी चूक रकाना सोडताना अडवण्याची. चूक दिसली तर रकान्याशेजारी लिहावी, माणसाला पुढे जाऊ द्यावं, आणि अडवायचंच तर 'सबमिट'ला अडवावं. हे माझं मत झालं, पण त्यावर मी ठाम आहे.

हा घोळ शोधायला मी हँडलरमध्ये ब्रेकपॉइंट, म्हणजे प्रोग्राम मधेच थांबवणारी खूण, लावला होता, ती गंमत वेगळीच. ब्रेकपॉइंटवर प्रोग्राम थांबला की डीबगरची, म्हणजे चुका शोधायच्या प्रोग्रामची, विंडो पुढे येते. म्हणजे जो फोकस आपण बघत होतो तोच डीबगर घेऊन जातो आणि लॉगमध्ये नसलेले निरोप घुसडतो. फोकसच्या भानगडी ब्रेकपॉइंटने शोधायच्या नाहीत. फाइलमध्ये ओळी छापाव्यात आणि नंतर वाचाव्यात.

निरोप जास्त येण्याचा त्रास असतो, तसाच न येण्याचाही. लोक धरून चालतात की बटणावर क्लिक केलं की फोकस बटणाकडे जाणारच. तसं नाही. मॅकवरच्या सफारीत बटणावर माउसने क्लिक केलं तरी एरवी त्याला फोकस मिळत नाही. डब्ल्यूपीएफ या विंडोजवरच्या साधनात टूलबारचा फोकसचा संसार वेगळा मांडलेला असतो. डब्ल्यूपीएफमधल्या लिहायच्या रकान्यातला मजकूर मागच्या डेटापर्यंत पोचतो तो रकान्याचा फोकस गेल्यावर. माणूस शेवटच्या रकान्यात आकडा बदलतो, थेट टूलबारवरचं 'सेव्ह' दाबतो, आणि जुनाच आकडा सेव्ह होतो. कारण रकान्याच्या लेखी फोकस कुठे गेलेलाच नाही. वापरणारा शपथेवर सांगतो की मी बदलला होता, आणि तो खरंच बोलत असतो. सेव्ह करण्याआधी चालू रकान्यातलं मुद्दाम खाली उतरवून घेणं हा यावरचा उपाय.

मॅकवर अजून एक चकवा आहे. तिथे फोकस असणाऱ्याला फर्स्ट रिस्पॉन्डर म्हणतात. लिहायच्या रकान्यात क्लिक केलं की तो फर्स्ट रिस्पॉन्डर होतो खरा, पण लगेच ते पद फील्ड एडिटर नावाच्या एका सामाईक विजेटला देऊन मोकळा होतो. टायपिंग प्रत्यक्षात त्या एडिटरमध्ये होतं. त्यामुळे 'रकान्याने पद सोडलं' हा निरोप लिहायला सुरुवात करतानाच येतो! लिहून झालं हे कळायला तिथे संपादन संपल्याची वेगळी सूचना ऐकावी लागते.

लांबलचक याद्यांमध्ये याच्याही पुढची युक्ती वापरतात. वर-खाली बाणांनी यादीतली ओळ बदलते, निळी पट्टी हलते, पण खरा फोकस यादीकडे किंवा वरच्या शोधायच्या रकान्याकडेच राहतो. वेबवर अशा वेळी 'सध्याची ओळ ही' असं एरिया-ॲक्टिव्हडिसेंडंट या गुणधर्माने स्क्रीनरीडरला कळवतात. डोळ्यांना फोकस हललेला दिसतो, इव्हेंट मात्र एकही येत नाही.

स्क्रीनरीडरचा विषय निघालाच आहे तर, फोकसचं सगळ्यात मन लावून ऐकणारा प्रोग्राम तोच. विंडोजवर यूआय ऑटोमेशनसारख्या सोयींमार्फत तो सगळ्या प्रोग्रामांचे फोकस बदल बाहेरून ऐकतो आणि जे सापडेल ते उच्चारतो. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी मार्गदर्शक तत्त्वांमध्ये 2008 पासून फोकस दिसला पाहिजे, टॅबचा क्रम अर्थाला धरून असला पाहिजे, आणि नुसता फोकस आल्याने पान बदलता कामा नये, असे नियम आहेत. 2023 च्या 2.2 आवृत्तीने फोकस असलेली वस्तू चिकटून राहणाऱ्या पट्ट्यांखाली पूर्ण झाकली जाऊ नये हेही घातलं. फोकसची निळी कड 'वाईट दिसते' म्हणून काढून टाकणारे डिझायनर अजूनही भेटतात. कीबोर्डवर चालणाऱ्याला त्या पानावर आपण कुठे उभे आहोत हेच कळत नाही. माउसने क्लिक करणाऱ्याला कड नको असेल तर फोकस-व्हिजिबल आहे. तो बहुतेक वेळा कीबोर्डने आलेल्यालाच कड दाखवतो.

शेवटचा प्रकार सगळ्यात शांतपणे घडतो. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे 'काढा' असं बटण आहे. कीबोर्डने त्यावर येऊन तुम्ही एंटर दाबता, ती ओळ जाते, आणि तिच्यासोबत फोकस असलेलं बटणही जातं. 'गेला' हा निरोप यावा तर ऐकणाराच उरलेला नाही. वेबपानावर अशा वेळी ब्लर येतो की नाही याबाबत सगळे ब्राउझर सारखे वागत नाहीत, त्यामुळे त्यावर विसंबता येत नाही. 'आला' हा निरोप कुणालाच मिळत नाही. कळा बॉडीकडे जाऊ लागतात, स्क्रीनरीडर गप्प होतो किंवा पानाच्या सुरुवातीपासून वाचू लागतो. म्हणून ओळ काढण्याच्या आधी फोकस पुढच्या ओळीच्या बटणावर न्यायचा, पुढची नसेल तर मागच्या, आणि यादीच रिकामी होणार असेल तर यादीच्या मथळ्यावर. मथळ्याला एरवी फोकस घेता येत नाही, म्हणून त्याला टॅबइंडेक्स उणे एक द्यावा लागतो, म्हणजे टॅबने नाही पण कोडने त्याला फोकस देता येतो. मग ओळ काढायची.